देवणीची ओळख आणि घरच्या दावणीवरील पैदास

औराद, भालकी, बसवकल्याण किंवा पलीकडच्या उदगीर-निलंग्याकडील विद्यार्थ्याला देवणी बैल कसा असतो, हे सांगावे लागत नाही. कारहुणवीला नाहीतर पोळ्याला शिंगे रंगवलेली जोडी त्याने लहानपणापासून पाहिलेली असते. परंतु दहा जनावरांतून शुद्ध देवणी निवडून काढ, असे म्हटले तर आपल्यापैकी बहुतेक जण रंगाकडे बोट दाखवतील, आणि तेथेच फसतील.

देवणी हे गाव आज लातूर जिल्ह्यात आहे. १९५६ पूर्वी हा मुलूख हैदराबाद राज्याच्या बिदर जिल्ह्यात मोडत असे. राज्यपुनर्रचनेत उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. माणसांच्या कचेऱ्या बदलल्या, गोठ्यातील जात मात्र दोन्हीकडे एकच राहिली. गीर, डांगी आणि स्थानिक जनावरे यांच्या संकरातून गेल्या दीड-दोनशे वर्षांत ती घडली, असे मानतात. फुगीर कपाळ आणि लोंबते कान पाहिले की गीरची आठवण होते, तर काळ्या-पांढऱ्या अंगावरून डांगीची.

रंगावरून देवणीचे तीन प्रकार सांगतात. वानेरा अंगाने स्वच्छ पांढरा, पण तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. नाव ऐकताच वानराचे तोंड डोळ्यांपुढे येते. बालंक्याही पांढराच, परंतु अंगाच्या खालच्या भागावर काळे ठिपके. शेवऱ्याच्या पांढऱ्या अंगावर मात्र काळे पट्टे कसेही, कोठेही पसरलेले. या तीन वेगळ्या जाती नव्हेत, एकाच जातीचे रंगभेद आहेत, हे प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये.

अडचण शेवऱ्यापाशी येते. होल्स्टिन फ्रिजियन या विलायती जातीचा रंगही काळा-पांढराच, आणि तिची संकरित वासरे आता गावोगाव आहेत. आमच्याच घरी ही चूक झाली. शेजारच्या गावातला एक तरणा वळू शेवरा म्हणून दाखवला गेला, आणि आम्ही आमची वानेरा गाय त्याला दाखवली. कालवड सुरेख झाली. वर्ष सरले तरी तिच्या पाठीवर वशिंड धड उठेना. कान आखूड, कातडी अंगाला घट्ट. आजोबा दोन दिवस काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "रंग बघितलास, कपाळ बघितलं नाहीस." तेव्हापासून मी जनावर पाहताना रंग शेवटी पाहतो. आधी कपाळ, ते पुढे आलेले हवे. मग कान लांब व लोंबते, शिंगे मध्यम आणि बाहेरून वर वळलेली, गळ्याखालची पोळी जाड, कातडी सैल, खूर काळे व घट्ट.

आता पैदाशीकडे वळू. आपल्याकडे देखणा गोऱ्हा दिसला की त्याची पहिली किंमत बैल म्हणून होते. तो खच्ची होतो, जोडीत लागतो, नाहीतर हाळी-हंडरगुळीच्या बाजारात चांगल्या भावाने जातो. वळू म्हणून मागे उरतो तो कोणाला नको असलेला. निवड म्हणतात ती हीच, फक्त उलट्या दिशेची! ट्रॅक्टर आल्यावर बैलाचा भाव पडला, तर वळू सांभाळण्याचे कारणच उरले नाही. एका वेताला सरासरी नऊशे लिटरच्या आतबाहेर दूध देणारी गाय विलायती संकराशी दुधाच्या हिशेबात टिकत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागते.

अमेरिकेत टर्की पक्ष्याचे असेच झाले. रुंद छातीचा, झपाट्याने वाढणारा पांढरा टर्की आला आणि ब्राँझ, नॅरॅगनसेट, बर्बन रेड हे जुने प्रकार मागे पडले. तो रुंद टर्की इतका बोजड, की त्याचा नैसर्गिक संयोगही होत नाही. कृत्रिम रेतनावाचून त्याची पुढची पिढी नाही. जुन्या प्रकारांना तेथे परसातल्या हौशी लोकांनी जगवले, आणि त्यांची पहिली कसोटीच नैसर्गिक संयोग ही ठेवली.

घरच्या दावणीवर दोन गोष्टींचा हिशेब ठेवला तरी पुष्कळ आहे. वळू स्वतःच्याच कालवडीवर गेला, तर वासराच्या जनुकजोड्यांपैकी सरासरी २५ टक्के जोड्यांत एकाच प्रतीची नक्कल दोनदा येते. सावत्र भावंडांत हे प्रमाण १२.५ टक्के. म्हणून वळूच्या पहिल्या कालवडी माजावर येण्याआधी, म्हणजे साधारण तीन वर्षांच्या आत, तो दुसऱ्या गावच्या वळूशी बदलावा. दुसरे असे, की गावठी गायीपासून आरंभ करून दरवेळी शुद्ध देवणी वळू वापरला, तर वासरांत देवणीचा अंश ५०, ७५, ८७.५, ९३.७५ असा चढतो. कालवड व्यायला साडेतीन-चार वर्षे लागतात. पहिल्या वासरापासून चौथ्या पिढीचे वासरू दिसेपर्यंत अकरा-बारा वर्षे सहज जातात, तीही दरवेळी कालवडच झाली तर.

भालकी तालुक्यात कट्टीतूगाव येथे बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे देवणी संशोधन केंद्र आहे. तेथील कळप विद्यार्थ्यांनी जरूर पाहावा. जाताना घरच्या गायींची वही बरोबर न्यावी. तीत गायीचा प्रकार, आई कोणाची, वळू कोणत्या गावचा, भरवल्याची आणि व्यायल्याची तारीख एवढे असले की पुरे. आमच्या वहीत त्या कालवडीच्या नावापुढे आजोबांनी लिहिलेला 'संकर' हा शब्द अजून तसाच आहे.