सोळा वर्षांच्या मुलाला कामावर पाठवताना

दहावीचा निकाल लागला की चोपड्यातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. अकरावी सुरू व्हायला वेळ आहे, पोरगा मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात जाऊ म्हणतो. त्याच्यासाठी परवाना काढावा लागतो का? अमेरिकेतले नातलग सांगतात की न्यूयॉर्कमध्ये अठराच्या आतल्या मुलांना शाळेमार्फत ‘वर्किंग पेपर्स’ घ्यावे लागतात.

आपल्याकडे मुलाच्या हाती द्यायचा असा परवाना नाही. कायद्याने जबाबदारी मालकावर टाकली आहे.

1986च्या बालकामगार कायद्यात 2016 साली दुरुस्ती झाली. बालकलाकारांचा अपवाद सोडला तर 14 वर्षांखालच्या मुलाला आता कुठेच नोकरीवर ठेवता येत नाही. ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षे कैद किंवा 20 ते 50 हजार रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. घरच्या केळीच्या बागेत शाळा सुटल्यावर किंवा सुटीत धोका नसलेली मदत केलेली चालते. मात्र मूल न कळवता सलग 30 दिवस शाळेत आले नाही, तर मुख्याध्यापकांनी ते वर कळवायचे असते.

14 ते 18 या वयात खाणी, स्फोटके, ज्वलनशील पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया वर्ज्य आहेत. बाकी काम करता येते, पण बंधने कडक आहेत. सलग तीन तासांनंतर निदान एक तास विश्रांती, ती धरून दिवसाला सहाच तास, आठवड्याला एक सुटी, ओव्हरटाइम अजिबात नाही. संध्याकाळी 7 ते सकाळी 8 काम बंद. व्यापाऱ्याने सोळा वर्षांच्या मुलाला रात्री केळीचे ट्रक भरायला लावणे म्हणूनच बेकायदा ठरते, मजुरी कितीही चांगली असो. मालकाला मुलाचे नाव, जन्मतारीख आणि कामाच्या वेळा नोंदवहीत लिहाव्या लागतात. पालकांनी ती वही बेधडक मागावी. ‘आपलाच माणूस आहे, कशाला विचारायचं’ हा संकोच मुलाला महागात पडतो.

खरी लेखी परवानगी लागते ती बालकलाकारांना. 2025 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘नाळ 2’मधल्या तीन मुलांचा गौरव झाला, तेव्हा अनेक आईबापांचे डोळे तिकडे लागले. 14 वर्षांखालच्या मुलाला कॅमेऱ्यापुढे उभे करण्याआधी निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांची मर्यादा आहे, आणि कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत जातात. निर्माता हे टाळत असेल तर भूमिका सोडलेली बरी.

करिअरच्या दृष्टीने मात्र पालकांनी दुकानापेक्षा अ‍ॅप्रेंटिसशिपकडे बघावे. 1961च्या कायद्यानुसार ती 14व्या वर्षापासून मिळते. धोकादायक उद्योगांतल्या ट्रेडसाठी 18 पूर्ण हवीत. मुलगा अज्ञान असेल तर करारावर पालक सही करतात, कराराची नोंदणी होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. जवळचे उदाहरण भुसावळचे. मध्य रेल्वेच्या अलीकडच्या जाहिरातींत तिथल्या शेड आणि वर्कशॉपसाठी वय 15 ते 24, दहावीला 50 टक्के आणि आयटीआय अशी अट होती. निवड परीक्षेविना, दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर. दहावीनंतर आयटीआयला प्रवेश घेतलेल्या मुलाला हे दार सतरा-अठराव्या वर्षी उघडते. अ‍ॅप्रेंटिसशिप संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर सहसा नसते, त्यामुळे सहीआधी कराराची मुदत, ट्रेड आणि विद्यावेतनाची रक्कम वाचून घ्यावी, आणि जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळते का तेही पाहावे.