कडाक्याच्या थंडीत एअरबॅग उघडेल ना?

प्रश्न : मुलगा कॅनडात विनिपेगला असतो. गाडी रात्रभर उणे ३० अंशांत उघड्यावर उभी असते. अशा थंडीत एअरबॅग वेळेवर फुगेल का?

उत्तर : यंत्रणा सुस्थितीत असेल तर फुगेल. तुमची शंका मात्र रास्त आहे. एअरबॅग फुगवणाऱ्या इन्फ्लेटरमधल्या घन इंधनाच्या गोळ्या गारठ्यात सावकाश जळतात. काही प्रकारांत आरगॉन किंवा हेलियम दाबून भरलेला असतो. त्याचाही दाब थंडीत उतरतो, म्हणून सोबत थोडं इंधन जाळून तो वायू तापवतात. चाचण्या उणे ४० पासून सुमारे ८५ अंशांपर्यंत घेतात. खरी कसरत इथेच आहे! थंडीला पुरेल एवढा जोर ठेवायचा, पण उन्हात तापलेल्या गाडीत त्याच जोराने इन्फ्लेटरचं कवच फुटता कामा नये. टाकाटा कंपनीचे अमोनियम नायट्रेटचे इन्फ्लेटर फुटून माणसं दगावली, त्याचं मुख्य कारण वर्षानुवर्षांची उष्णता आणि दमट हवा. त्या दृष्टीने आपल्या किनारपट्टीवरची हवा अधिक कठीण.

गाडी सुरू केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर मुलाने ती लगेच तपासून घ्यावी. आणि जाड कोटावरून सीटबेल्ट बांधू नये. कोट उघडून बेल्ट अंगालगत घट्ट बसवावा.