ट्रक आगगाडीवर चढला, मग धूर कुठे गेला?

प्रश्न : कोलाड स्टेशनात मालाने भरलेले ट्रक रेल्वेच्या सपाट वाघिणींवर चढवून गोव्याकडे धाडतात. ट्रकला स्वतःचं इंजिन असताना हा उपद्व्याप कशासाठी? शिवाय कोकण रेल्वे आता विजेवर चालते आणि आपल्याकडची बरीचशी वीज कोळशाची. मग कार्बन खरोखर कमी झाला, की ट्रकच्या नळकांड्याऐवजी चंद्रपूरच्या धुराड्यातून बाहेर पडला, एवढंच?
(एक वाचक, माणगाव)

उत्तर : तुमच्या शंकेत तथ्य आहे. वीज आली की प्रदूषण गेलं, असं समजणाऱ्यांनी ती आधी विचारायला हवी होती. पण उत्तर तुम्हाला वाटतं त्याहून बरं आहे, आणि त्यातला मोठा वाटा विजेचा नाही, चाकाचा आहे.

आधी सेवेबद्दल थोडं. कोकण रेल्वेने 26 जानेवारी 1999 रोजी कोलाड ते गोव्यातलं वेर्णा ही रो-रो (रोल-ऑन, रोल-ऑफ) सेवा सुरू केली. पुढे ती कर्नाटकात सुरतकलपर्यंत गेली. ट्रक रॅम्पवरून पहिल्या वाघिणीवर चढतो आणि एकेक वाघीण ओलांडत पार पुढे जातो. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा. चाकांना अडण्या लावून ट्रक आवळून बांधतात. चालक आणि क्लीनर ट्रकसोबतच जातात. वेर्ण्याला ट्रक उतरतात आणि थेट गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन उभे राहतात. माल एकदाही उतरवून पुन्हा चढवावा लागत नाही. हमाली वाचते आणि मोडतोडही. साध्या मालगाडीकडे छोटा व्यापारी का फिरकत नाही, याचं निम्मं उत्तर या चढ-उतारीत आहे.

आता धुराचा हिशेब. कोलाड ते वेर्णा रस्त्याने साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. माल धरून 25 टन भरणारा ट्रक घाटरस्त्यावर लिटरला चार किलोमीटर ॲव्हरेज देतो असं धरू. म्हणजे सुमारे 112 लिटर डिझेल. एक लिटर डिझेल जळलं की सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. (लिटरभर डिझेलचं वजन किलोभरसुद्धा नसतं, मग त्यातून पावणेतीन किलो वायू कसा निघतो, असं पुष्कळजण विचारतात. डिझेल फक्त कार्बन पुरवतं, जोडीचा ऑक्सिजन हवेतला असतो, आणि वजनात तोच भारी पडतो. 12 किलो कार्बनला 32 किलो ऑक्सिजन चिकटतो.) तेव्हा रस्त्याने गेलेल्या ट्रकच्या नावावर एका फेरीत साधारण 300 किलो.

तोच ट्रक गाडीवर चढवला तर? इथे वाघिणीचंही वजन मोजायला हवं. ती रिकामी असताना 25 टनांच्या घरात भरते. म्हणजे इंजिनाला ओढायचे 50 टन, आणि रेल्वेने अंतर 417 किलोमीटर. विजेवरच्या मालगाडीला एक हजार टन वजन एक किलोमीटर न्यायला, हात सैल सोडून धरलं तरी, आठेक युनिट पुरतात. तसे इथे 167 युनिट होतात. आपल्या ग्रीडवरच्या एका युनिटमागे, कोळसा, पाणी, वारा, ऊन सगळ्यांची सरासरी काढून, सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. गुणाकार केला की 117 किलो. वजन दुप्पट ओढलं आणि धूर निम्म्याहून कमी झाला. चंद्रपूरच्या धुराड्यातून निघणारा भाग धरूनच हा आकडा आहे.

हे आकडे ढोबळ आहेत. ट्रक जुना असेल, वाटेत कोंडी असेल, तर बदलतील. पण एवढा फरक गणितातल्या बारीकसारीक चुकांनी पुसला जाणारा नाही.

याचं कारण चाकात आहे. सपाट रस्त्यावर एक टन वजन रबरी टायरवर चालतं ठेवायला सहा ते दहा किलोचा जोर लागतो. पोलादी रुळावर पोलादी चाक असेल तर एक ते दोन किलो पुरतात. टायर प्रत्येक फेऱ्यात दबतो, पुन्हा फुगतो, आणि त्यात ऊर्जा उष्णता होऊन जाते. लांब पल्ल्यावरून आलेल्या ट्रकच्या टायरला हात लावून पाहा. दुसरी गोष्ट चढाची. परशुराम, भोस्ते हे घाट ट्रक पहिल्या-दुसऱ्या गियरमध्ये कण्हत चढतो आणि कमावलेली सगळी उंची उतारावर ब्रेकमध्ये जाळून टाकतो. कोकण रेल्वे बांधताना चढ 150 मीटरला एक मीटर यापेक्षा तीव्र ठेवायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. त्यासाठीच इतके बोगदे खोदले, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा त्यातलाच. शिवाय विजेवरची नवी इंजिनं उतारावर ब्रेक लावताना वीज परत तारेत सोडतात.

आता गंमत पाहा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण 2022 मध्ये पुरं झालं. त्याआधी तेवीस वर्षं हे ट्रक डिझेल इंजिनानेच ओढले. त्या काळचा हिशेब मांडला तर ट्रकमागे दीडशे किलोच्या आसपास येतो. म्हणजे तीनशेवरून दीडशेवर आणलं ते रुळांनी. तारांनी त्यातून आणखी थोडं कमी केलं. तारांचं श्रेय पुढे वाढत जाईल, कारण ग्रीडमध्ये उन्हाची आणि वाऱ्याची वीज वाढेल तसा तोच 167 युनिटांचा खर्च आपोआप स्वच्छ होत जाईल. डिझेल इंजिनाला ती सोय नाही. म्हणून विद्युतीकरण करणं बरोबरच होतं, पण वीज आली की प्रदूषण गेलं, या कारणासाठी नव्हे.

मात्र रो-रोत एक खोट आहे, आणि तिच्याकडे डोळेझाक करण्यात अर्थ नाही. त्या 50 टनांत खरा माल 16-17 टन. बाकी वाघीण, ट्रकचा सांगाडा, त्याचं इंजिन, त्याचे टायर. नवरदेवाला घोड्यासकट मोटारीत बसवून नेण्याचा हा प्रकार आहे. नुसता कंटेनर वाघिणीवर ठेवला तर घोडा घरीच राहतो आणि टनामागचा कार्बन आणखी बराच उतरतो. म्हणूनच जवाहरलाल नेहरू बंदरापासून दादरीपर्यंतचा पश्चिम मालवाहतूक मार्ग आखताना एकावर एक दोन कंटेनर विजेच्या तारेखालून जातील इतकी तार उंच ठेवली. त्याच मार्गावर गुजरातेतल्या पालनपूरहून हरयाणातल्या रेवाडीपर्यंत, सुमारे 630 किलोमीटर, दुधाचे टँकरही गाडीवर चढून जातात. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच रुळावर नांदतात.

स्वित्झर्लंड या वाटेवर आपल्या पुढे आहे. आल्प्समधून आरपार जाणारी मालवाहतूक रेल्वेवर न्यावी, असा कौल तिथल्या मतदारांनी 1994 मध्ये दिला. 2001 पासून अवजड ट्रकवर वजन, अंतर आणि धूर यांच्या प्रमाणात कर बसवला. पुढे गॉटहार्डचा 57 किलोमीटरचा बोगदा 2016 मध्ये उघडला. तिथेही जर्मनीतल्या फ्रायबुर्गपासून इटलीतल्या नोव्हारापर्यंत ट्रक वाहणारी गाडी होती. ती 2025 च्या अखेरीस बंद करायचं ठरलं. तात्कालिक कारण मार्गावरचे वारंवारचे खोळंबे आणि तोटा, पण मुळात कंटेनर आणि सुटे ट्रेलर नेणं स्वस्त पडतं. तिथली रो-रो म्हणजे ट्रकवाल्यांना रेल्वेची सवय लावणारा मधला टप्पा होता.

आपल्याकडे तो टप्पा संपलेला नाही, असं माझं मत. चिपळूण, सावंतवाडी किंवा मडगावच्या छोट्या व्यापाऱ्याकडे कंटेनर उचलायची क्रेन नाही, आणि त्याचा माल कंटेनरभर नसतोही. त्याला ट्रक दारात हवा. मग सगळेच ट्रक गाडीवर का चढत नाहीत? रेक भरेपर्यंत थांबावं लागतं आणि उभ्या ट्रकचा हप्ता थांबत नाही. मार्ग बहुतांश एकेरी आहे. रोहा ते वीर एवढाच पट्टा दुहेरी झाला. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी करतात. तारांमुळे ट्रकच्या उंचीवर मर्यादा आहे, आणि वजनकाट्यावरून जायचं म्हटलं की काही ट्रकवाल्यांना रस्ताच बरा वाटतो! त्यात महामार्ग रुंद होतोय. देशभर हीच कथा. 1951 मध्ये मालवाहतुकीतला रेल्वेचा वाटा 80 टक्क्यांहून जास्त होता, आता तो पाव हिश्श्यापेक्षा थोडाच वर आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेने 2030 पर्यंत 45 टक्के गाठायचं म्हटलंय. ते भाड्यावर आणि वेळापत्रकावर ठरेल. ट्रान्सपोर्टवाला कार्बन मोजत नाही, तो डिझेल मोजतो. सुदैवाने ही दोन्ही मापं बऱ्याचदा एकाच बाजूला झुकतात.

प्रश्न : मग गणपतीला आम्ही आमची मोटारगाडी रेल्वेवर घालून नेली तर निसर्गावर उपकार होतील का?
(एक वाचक, ठाणे)

उत्तर : थोडेसे. 2025 च्या गणेशोत्सवात कोकण रेल्वेने मोटारींसाठी कोलाड ते वेर्णा रो-रो सोडली. भाडं मोटारीमागे 7,875 रुपये, एका वाघिणीवर दोन मोटारी. रस्त्याने गेलात तर तीसेक लिटर पेट्रोल, म्हणजे 70 किलो कार्बन डायऑक्साइड. वाघिणीवर वरच्याच मापाने 32 किलोच्या आसपास, कारण दोन हलक्या मोटारींसाठी 25 टनांची वाघीण ओढायची. निम्म्याहून अधिक वाचले खरे, पण गाव उतरायच्या स्टेशनापासून लांब मागे असेल तर तिथून उलटं यावं लागेल आणि वाचवलेलं पेट्रोल तिथे खर्ची पडेल. मोटार ठाण्यातच ठेवा, तुम्ही गाडीने जा आणि स्टेशनावरून रिक्षा करा. तिकीट मिळालं तर.