मचूळ पाणी आणि जलसंजीवनी

पॅसिफिक महासागरात तुवालू नावाचा नऊ बेटांचा चिमुकला देश आहे. वस्ती सुमारे अकरा हजार, म्हणजे आपल्याकडील एखाद्या मोठ्या गावाएवढी. नदी नाही, ओढा नाही. बहुतेक जमीन समुद्रापेक्षा दोन-तीन मीटरच उंच. समुद्र वाढून हा देश बुडणार, असे आपण वाचतो. डॉक्टर म्हणून मला त्याआधीच्या धोक्याची काळजी वाटते. तेथे जमिनीच्या कितीतरी आधी पिण्याचे पाणी जाईल.

प्रवाळाच्या सच्छिद्र जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी हलके असल्यामुळे खाऱ्या पाण्यावर थरासारखे तरंगते. पाऊस लांबला, उपसा वाढला किंवा लाट आत आली की विहीर मचूळ होते. २०११ साली पाऊस हुलकावणी देऊन गेला, तेव्हा तुवालूत आणीबाणी जाहीर झाली आणि काही कुटुंबांना दिवसाला दोन बादल्या पाणी मिळू लागले. मार्च २०१५ मध्ये ‘पॅम’ चक्रीवादळ दूर वानुआतूवर आदळले; पण त्याच्या लाटा तुवालूच्या नुई बेटावर चढल्या. विहिरी खारावल्या. पुलाका नावाच्या, अळूच्या जातीच्या कंदाची शेतीही नासली.

पाणी कमी पडले की पहिल्यांदा हात धुणे सुटते आणि मग जुलाब सुरू होतात. जुलाबावरचे औषध जलसंजीवनी, आणि तिलाच गोडे पाणी लागते! एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण वाचकांना पाठ असेल. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जलसंजीवनीच्या पाकिटात मीठ असते फक्त २.६ ग्रॅम. मचूळ पाण्यात ती कालवली तर मुलाच्या रक्तातील सोडियम वाढते, तहान भागत नाही, मूल चिडचिडे होते, गुंगते, झटकेही येतात. उकळून उपयोग नाही. उकळल्याने जंतू मरतात, मीठ जात नाही. उलट पाणी आटून अधिकच खारट होते. आपल्या खाडीकाठच्या विहिरीही वैशाखात मचूळ होतात. तेथील आयांनी तयार पाणी आधी चाखावे. अश्रूंपेक्षा खारट लागले तर ओतून टाकावे.

म्हणून अशा बेटांवर घराची पन्हळ आणि टाकी हाच मला खरा दवाखाना वाटतो. पहिल्या सरीचे पाणी सोडून द्यायचे, कारण त्यात छपरावरची घाण असते. टाकीला घट्ट झाकण आणि सांडव्याच्या नळीला जाळी हवीच, नाहीतर आठ-दहा दिवसांत डेंग्यूचे डास तयार! (ही टाकी आपल्या गच्चीवरही असते, हे जाता जाता सांगतो.)

समुद्राचे पाणी गोडे करणारी यंत्रे आहेत, पण केवळ त्यांच्यावर विसंबणे बरे नव्हे. डिसेंबर २०१४ मध्ये मालदीवची राजधानी माले येथील अशा केंद्राला आग लागली आणि सुमारे एक लाख लोकांचे पाणी तुटले. तेव्हा भारताने विमानांतून बाटल्या आणि नौदलाच्या जहाजांतून पाणी पोचवले. माले भारतापासून जवळ आहे. तुवालूला अशी मदत पोचेपर्यंत घरोघरच्या टाकीतले पाणीच पुरवावे लागते.