हाडावर गिरवावयाचा धडा
कान-नाक-घसा शल्यतज्ज्ञांच्या परिषदांतील अध्ययनसत्रांविषयी

कान, नाक व घसा यांच्या विकारांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना १९४८ साली स्थापन झाली. तिची व तिच्या राज्य शाखांची अधिवेशने वेळोवेळी भरत असतात. वर्तमानपत्रांतून त्यांची वार्ता येते ती बहुधा दीपप्रज्वलनापुरती आणि सत्कारापुरती. अशा वार्ता तयार करून पाठविणाऱ्यांत प्रस्तुत लेखकही मोडतो, हे येथे कबूल केलेले बरे. तथापि परिषदेचा खरा गाभा त्या व्यासपीठावर नसतो. अनेकदा मुख्य अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या विच्छेदनगृहात, माणसाच्या कानशिलाच्या हाडावर जे अध्ययनसत्र चालते, तेथे तो असतो.

अध्ययनसत्रे नाना प्रकारची असतात. व्याख्याने, परिसंवाद, शोधनिबंधांचे वाचन हे तर सर्वच परिषदांत असते. महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नियमानुसार डॉक्टरांना नोंदणीचे नूतनीकरण करताना पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळविल्याचे दाखवावे लागते. त्यामुळे सभागृहे भरलेली असतात, क्वचित मागील रांगांत डुलकीही चालते. विच्छेदनाच्या सत्रात मात्र डुलकीला वाव नाही. तेथे जागा मोजक्या आणि काम हाताचे.

हाडावरच सराव का, हे समजण्यासाठी कानाची रचना थोडी पाहिली पाहिजे. आपणांस दिसतो तो कान म्हणजे केवळ दर्शनी भाग. ऐकण्याची खरी यंत्रणा कानशिलाच्या हाडात, ज्याला शास्त्रकार शंखास्थी म्हणतात त्यात, दडलेली आहे. कानाच्या पडद्यामागे हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे. त्यांपैकी रिकीब जेमतेम तीन मिलिमीटर उंचीची. तिच्या पलीकडे शंखासारखे अडीच वेढे घेतलेला कर्णावर्त. याच हाडातून, सुमारे तीन सेंटीमीटर लांबीच्या अस्थिनलिकेतून, चेहऱ्याच्या स्नायूंना चालना देणारी नस वाट काढते. वर पातळ हाडाच्या छताआड मेंदूचे आवरण, तर मागच्या अंगाला मेंदूतील रक्त खाली वाहून नेणारी मोठी शीर. एवढा संसार एका पेरूएवढ्या जागेत. शल्यतज्ज्ञाचा हात एक मिलिमीटर चुकला आणि ती नस दुखावली, तर रोग्याचा अर्धा चेहरा लुळा पडतो. डोळा मिटत नाही, पाणी पिताना ते ओठांच्या कोपऱ्यातून ओघळते.

पूर्वी हे काम छिन्नी-हातोडीने होत असे. जर्मनीतील श्वार्त्से यांनी १८७३ साली कानामागचे हाड उघडून पू बाहेर काढण्याची पद्धत शास्त्रशुद्धपणे मांडली, तीही छिन्नीचीच. १९२१ साली स्वीडनमध्ये नायलेन यांनी कानाच्या शस्त्रक्रियेत प्रथम सूक्ष्मदर्शक वापरला. १९५३ पासून झाइस कंपनीचा दोन्ही डोळ्यांनी पाहावयाचा शस्त्रक्रिया-सूक्ष्मदर्शक मिळू लागला आणि या शाखेचे रूपच पालटले. वुलस्टाइन व झोलनर यांनी फाटलेला पडदा व झिजलेली हाडे दुरुस्त करून श्रवण परत मिळविण्याची दिशा दाखविली. १९५६ साली अमेरिकेत जॉन शे यांनी गोठलेली रिकीब काढून तेथे कृत्रिम रिकीब बसविली. पण सूक्ष्मदर्शकातून पाहत हात चालविणे ही वेगळीच विद्या. डोळा भिंगात, हात खाली, आणि हाताची बारीकशी थरथरही भिंगातून भूकंपासारखी दिसते. पुस्तक वाचून सायकल येत नाही, तसेच हे.

अशा एका सत्रात प्रस्तुत लेखकाला कोपऱ्यात उभे राहण्याची परवानगी मिळाली होती. कलाशाखेच्या पदवीधराला तेथे काय कळणार, हा संकोच होताच. रांगेने मांडलेली टेबले, प्रत्येकावर सूक्ष्मदर्शक, धातूच्या वाटीत घट्ट बसविलेले एक हाड, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणारे ड्रिल. ड्रिलच्या टोकाशी लहानसा गोल मणी असतो. आरंभी कापणारा, नाजूक भागाजवळ हिऱ्याचे कण बसविलेला. पाण्याची धार सतत हवी, कारण घर्षणाच्या उष्णतेनेही नस भाजते. एका टेबलाशी तालुक्याच्या ठिकाणाहून आलेले एक तरुण डॉक्टर काम करीत होते. शेजारी उभे असलेले वयोवृद्ध प्राध्यापक सूक्ष्मदर्शकात पाहतही नव्हते. अचानक ते म्हणाले, “थांबा डॉक्टर. आवाज बदलला, ऐकलात?”

“हो सर.”

“हाड पातळ झालं. आता छत आलं. इथून पुढे हिरा घ्या.”

हाड जाड असताना ड्रिलचा आवाज एक असतो, पातळ होताच तो बदलतो. मोठ्या शिरेवरचे हाड झिजत आले की आतून निळसर छटा दिसू लागते. नसेच्या दिशेला आडवा घाव घालावयाचा नाही, तिला समांतरच हात चालवावयाचा. या खुणा चित्रफितीत सांगता येतात. बोटांना मात्र त्या प्रत्यक्ष हाडावरच कळतात. आणि चूक झालीच, तर ती येथे व्हावी. दुपारी त्याच डॉक्टरांच्या हातून नसेवरचे कवच फुटले. प्राध्यापकांनी न रागावता त्यांना ते नीट पाहावयास लावले.

परिषदांत अधिक गर्दी खेचणारा प्रकार म्हणजे थेट प्रक्षेपित शस्त्रक्रिया. नामवंत शल्यतज्ज्ञ शस्त्रक्रियागृहात, शेकडो श्रोते सभागृहात, आणि मध्ये प्रश्नोत्तरे. त्यातून शिकावयास मिळते हे खरे. परंतु टेबलावर जिवंत माणूस असतो आणि त्याच्या वैद्याचे चित्त दोन ठिकाणी वाटलेले असते. या प्रथेविरुद्धची याचिका २०२३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आली. आधी ध्वनिचित्रमुद्रित केलेली शस्त्रक्रिया दाखवून तिच्यावर चर्चा करण्याने श्रोत्यांचे काही बिघडत नाही, असे आमचे मत आहे. हाडावरच्या सत्रात हा प्रश्नच उद्भवत नाही.

तालुक्याच्या डॉक्टरने एवढे सूक्ष्म काम शिकण्याचे कारण तालुक्यातच आहे. फुटलेला कान हे आपल्याकडील बहिरेपणाचे एक मोठे कारण. घरोघरी त्यावर कोमट तेल, लसणीचा रस असले उपाय चालतात आणि वर्षे जातात. काही रुग्णांत केवळ पडद्याला छिद्र असते. काहींत मात्र मध्यकर्णात कातडीचा थर साठत जाऊन भोवतालचे हाड कुरतडतो, आणि दुर्लक्ष झाल्यास विकार मेंदूपर्यंत पोहोचतो. या दुसऱ्या प्रकारात बहुधा कानामागचे हाड उघडण्यावाचून इलाज नसतो. जन्मतः बहिऱ्या बालकांना कर्णावर्तात बसविण्याचे उपकरण केंद्र शासनाच्या योजनेतून मिळू शकते. तेही बसविताना चेहऱ्याची नस आणि जिभेची चव वाहणारी बारीक नस यांच्यामधील काही मिलिमीटरांच्या फटीतून जावे लागते. २००६-०७ पासून राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम चालू आहे, आणि २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपणाची तपासणी समाविष्ट आहे. तपासणीने रुग्ण सापडतील. पुढचे काम शिकलेल्या हातांचे.

हे हात शिकतात त्या हाडांचा तुटवडा ही संयोजकांची नित्याची तक्रार. एका देहातून दोनच हाडे मिळतात आणि एक हाड एकदाच कोरता येते. त्रिमिती मुद्रणाने केलेली कृत्रिम हाडे आता मिळतात, आरंभीच्या सरावाला ती बरीही पडतात. पण खऱ्या हाडाचा पोत व आवाज त्यांना पुरता साधत नाही, असे शिकविणारे सांगतात. महाराष्ट्रात १९४९ च्या शरीररचनाशास्त्र अधिनियमाखाली बेवारस व दान केलेले देह वैद्यकीय महाविद्यालयांना देता येतात. देहदानाचा अर्ज भरून ठेवणारे पुष्कळ असतात. परंतु मृत्यूनंतर महाविद्यालयाला कळविणे नातेवाइकांच्याच हाती असते, आणि त्यांना ठाऊक नसेल किंवा मान्य नसेल तर तो अर्ज कपाटातच राहतो. शवविच्छेदन झालेला देह सहसा स्वीकारला जात नाही. नेत्रदान केलेला देह मात्र स्वीकारतात; दोन्ही संकल्प एकाच वेळी करता येतात, हे अनेकांना माहीत नसते.

सायंकाळी सत्र संपले तेव्हा टेबलांवर पांढऱ्या भुग्याचा चिखल साचला होता. विच्छेदनगृहातील परिचराने कोरलेली हाडे एकेक करून उचलली, वहीतील क्रमांकांशी ताडून पाहिली आणि झाकणाच्या डब्यात ठेवली. तालुक्याचे ते डॉक्टर हात धुऊन पुन्हा आत आले व उद्यासाठी एखादे हाड शिल्लक आहे काय, अशी चौकशी करू लागले. नव्हते.