कंबरेची गादी खरंच ‘सरकते’ का?

पालेगावात कंबरदुखी नाही असे घर शोधावे लागेल. कोणी इमारतींच्या कामावर घमेली उचलतो, कोणी आनंदनगर एमआयडीसीत माल चढवतो, कोणी उल्हासनगरात जीन्स शिवायच्या मशीनवर दिवसभर वाकून बसतो. घरात हंडे भरणारी बाई तर मोजलीच जात नाही. एमआरआयच्या कागदावर ‘डिस्क’ शब्द दिसला की धास्ती बसते. मग कोणी पाठीवर पाय देऊन ‘गादी बसवणाऱ्या’कडे धावतो, तर कोणी ऑपरेशनसाठी व्याजाने पैसे काढतो. त्याआधी ही गादी काय आहे ते पाहू.

मानेपासून कंबरेपर्यंत आपल्याला 24 सुटे मणके असतात. अगदी वरचा एक सोडला तर प्रत्येक मणक्याखाली एक गादी, अशा 23 गाद्या. गादीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंच्या थरांचे असते. एका थराचे तंतू एका बाजूला तिरके, पुढच्या थराचे उलट बाजूला. टायरमध्ये दोरे असेच आडवेतिडवे घातलेले असतात. मध्यभागी घट्ट खळीसारखा गर असतो आणि तरुणपणी त्यात बहुतांश पाणीच असते. वरून वजन आले की गर ते चारही बाजूंना वाटून देतो आणि कडे त्याला धरून ठेवते. मणके वाकतात, वळतात ते या गादीमुळे. दोन मणक्यांमध्ये नस बाहेर पडायला जागा राहते तीही हिच्यामुळेच.

आता महत्त्वाची गोष्ट. मोठ्या माणसाच्या गादीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण शेजारच्या मणक्यातून झिरपून येते. दिवसभराच्या भाराने तिच्यातले पाणी थोडे बाहेर जाते आणि रात्री आडवे झाल्यावर परत शिरते. म्हणून आपली उंची सकाळपेक्षा रात्री सुमारे एक सेंटिमीटरने कमी भरते. स्पंज दाबला, सोडला, तसेच हे. सतत दाबून ठेवलेली गादी उपाशी राहते, मग ते दाबणे पोत्याचे असो वा आठ तास एकाच बैठकीचे. विडी-सिगारेटने बारीक रक्तवाहिन्या आकसतात, तेव्हा तिचे पोषण आणखी तुटते.

गादी साबणासारखी घसरत नाही, ती दोन्ही मणक्यांना घट्ट चिकटलेली असते. कड्याला चीर पडून आतला गर बाहेर फुगतो आणि नसेला लागतो. हे बहुधा कंबरेच्या शेवटच्या दोन गाद्यांत होते, म्हणून कळ कुल्ल्यापासून पायात उतरते. फुगलेला गर पाय देऊन आत जात नाही, उलट चीर वाढू शकते. मात्र बहुतेकांचा त्रास दीड ते तीन महिन्यांत ऑपरेशनशिवाय कमी होतो, बाहेर आलेला गर शरीरच हळूहळू जिरवते. आणि काहीही न दुखणाऱ्या पन्नाशीच्या शंभर माणसांचे एमआरआय काढले तर साठेकांत फुगलेली गादी दिसते. तेव्हा नुसत्या कागदावर घाबरू नका.

दुखणे जोरात असेल तर एक-दोन दिवस विश्रांती ठीक, महिनाभर अंथरूण नको. थोडे थोडे चालत राहा. ओझे उचलताना गुडघ्यात वाका, वजन पोटाशी धरा, उचलता उचलता कंबर पिळू नका. मशीनवर बसणाऱ्यांनी दर अर्ध्या तासाने उठावे. जड पोत्याला दोघे मागणे ही कामचुकारी नव्हे. इजा होईल इतके ओझे कामगाराकडून उचलून घ्यायला 1948 च्या कारखाने कायद्यानेच मनाई केली होती. आणि पाठ टेकायला लाज कसली? पावा येथे मल्लांच्या नव्या सभागृहात खुद्द तथागतांची पाठ दुखू लागली, तेव्हा त्यांनी सारिपुत्तांना धम्म सांगायला सांगितले आणि चीवर अंथरून उजव्या कुशीवर आडवे झाले. दीघनिकायातल्या संगीति सुत्तात तशी नोंद आहे.

साध्या तपासणीसाठी अंबरनाथचे छाया रुग्णालय किंवा उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. पण लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री मोठ्या रुग्णालयात न्या आणि ही लक्षणे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा. तिथे ऑपरेशन लागले तर ते तासांच्या हिशेबात करावे लागते.