कट्ट्यात वाचलं, कोठीत गेलं

उन्हाळा लागला की आपल्याकडे वर्षाचं धान्य भरायची लगबग सुरू होते. गहू-ज्वारी नुकती निघालेली असते, भाव उतरलेले असतात, ऊन कडक असतं. हिशेब सरळ वाटतो: घाऊक घ्या, पैसे वाचवा. आमच्या घरी वर्षानुवर्षं तसंच चालायचं. सासूबाई लातूरकडच्या. तिथल्या वाड्यात धान्य माळवदावर वाळायचं, कडुनिंबाच्या पाल्यासह कोठीत जायचं आणि पुढच्या सुगीपर्यंत टिकायचं. तीच पद्धत आणि तेवढंच धान्य डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आलं. गणपतीच्या आधीच गव्हात टोके दिसू लागले, मुगात भुंगेरे. चाळून-पाखडून उरलेल्या गव्हाच्या पोळ्यांना कुबट वास यायचा. बाकीचं कचऱ्याच्या गाडीत गेलं.

पद्धत वाईट नव्हती, जागा बदलली होती. लातूरची हवा कोरडी; आमच्याकडे पावसाळ्यात आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर जाते आणि धान्य तो ओलावा शोषून घेतं. वाड्यात पंधरा माणसं जेवायची, म्हणून कोठी भराभर उतरायची. इथे खाणारे चौघं, त्यातही एकाचा डबा ऑफिसच्या कँटीनमधला. शिवाय गच्ची सोसायटीची, तिथे दिवसभर धान्य राखत कोण बसणार?

टोक्याचा संसार समजून घेतला की पुढचं सगळं सोपं होतं. मादी दाण्याला भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी आतच वाढते, आतून दाणा पोखरते आणि उबदार हवेत महिन्याभरात नवा टोका बाहेर पडतो. म्हणून नुसतं चाळून कीड जात नाही. चाळणीतून दिसणारे किडे पडतात, दाण्यातले राहतात. कडधान्याचं वेगळं. भुंगेरा दाण्याच्या वरच अंडी चिकटवतो. मुगावर, चवळीवर पांढरे ठिपके दिसले तर ते घेऊच नका. ही कीड अनेकदा शेतातूनच दाण्याबरोबर घरी येते.

आता पैशांचं बघू. समजा, सुटा गहू 40 रुपये किलो आहे आणि 50 किलोंचा कट्टा घेतला तर 36 रुपयांनी पडतो. बचत झाली 200 रुपयांची. त्या कट्ट्यातला फक्त सहा किलो गहू किडला तर 216 रुपये गेले. चाळण्या-निवडण्याची मेहनत वेगळीच. स्वस्ताई दुकानातल्या भावावर ठरत नाही, त्यातलं ताटापर्यंत किती पोचलं यावर ठरते.

आता आम्ही हे पाळतो. तुम्हालाही उपयोगी पडेल.

महिन्याला घरात काय किती लागतं ते आधी लिहून काढा. लहान घराला दोन-तीन महिन्यांपुरतं धान्य पुरे. घाऊक भाव हवाच असेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून कट्टा घ्यावा आणि त्याच दिवशी वाटून टाकावा. सगळ्यांना भाव मिळतो, साठवण कोणाच्याच गळ्यात पडत नाही. अख्ख्या कडधान्यापेक्षा डाळीला भुंगेरा कमी लागतो, म्हणून मूग, मटकी, चवळी तर थोडीच घ्या.

धान्य कडक उन्हात वाळवा. दाणा दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे. वाळवलेलं धान्य गरम असताना डब्यात भरू नका. पूर्ण निवू द्या, नाहीतर आत वाफ धरते आणि बुरशी येते. तुरीला किंवा गव्हाला किलोमागे चमचाभर एरंडेल चोळायची जुनी रीत खरंच गुणाची आहे. तेलाच्या थरामुळे अंडी टिकत नाहीत.

डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि गळ्यापर्यंत भरा. यामागचं तत्त्व जुनंच: सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. पेवाचं तोंड बंद केलं की आतला प्राणवायू संपत जातो आणि किडा जगत नाही. एका मोठ्या कोठीपेक्षा चार लहान डबे बरे, कारण रोज उघडतो तो एकच. डबे भिंतीपासून थोडे दूर, फळीवर ठेवा. जुनं संपल्याशिवाय त्यावर नवं ओतू नका. डबा रिकामा झाला की धुऊन, उन्हात वाळवूनच पुन्हा भरा. रवा-बेसन लहान पिशव्यांतून आणा. फ्रीझरमध्ये जागा असेल तर आणल्यावर आठवडाभर तिथे ठेवा, त्यातली अंडी मरतात. निदान रवा भाजून तरी ठेवा.

दोन गोष्टी मात्र कोणी कितीही सांगितल्या तरी करू नका. तांदळाला बोरिक पावडर चोळायची सवय अजून अनेक घरांत आहे. ती विषारी आहे आणि खाण्याच्या पदार्थांत वापरायला आपल्याकडे मनाई आहे. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या तर घरात आणूच नका. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत झोपलेली माणसं त्याने दगावली आहेत. त्या गोळ्या गोदामांसाठी आहेत, त्याही प्रशिक्षित माणसाच्या हातात.

एवढं करूनही कीड लागलीच तर लगेच फेकू नका. नुकतीच लागली असेल तर चाळा, ऊन द्या, त्याच आठवड्यात दळून आणा आणि लवकर संपवा. फार पोखरलेलं, पण औषध न लावलेलं धान्य कोंबड्यांना चालतं. नाहीतर खताच्या कुंडीत घाला. बुरशी आलेले शेंगदाणे किंवा मका मात्र माणसाला नको आणि जनावरालाही नको. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष भाजून किंवा उकळून जात नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या 2024 च्या अहवालात भारतातल्या घरांमधून वाया जाणारं अन्न वर्षाला माणशी सुमारे 55 किलो धरलं आहे. त्यात सालं-देठंही आली, ती टळणार नाहीत. कोठीत किडणारं धान्य मात्र टाळता येतं. ते पिकवायला पाणी लागलं आहे, आणायला इंधन, विकत घ्यायला आपला पगार. म्हणून येत्या उन्हाळ्यात कट्टा उचलण्याआधी घरातल्या खाणाऱ्या तोंडांचा हिशेब करा. जेवढं वेळेत खाऊन होईल तेवढंच घ्या. भाव कितीही उतरलेला असो.